काळी गाडी, पिवळा फडका आणि बाबांचं एक गुपित

आमची गाडी काळी आहे. आरसी बुकात तसं लिहिलंय म्हणून सांगतेय, नाहीतर गेल्या दोन-तीन वर्षांत तिच्याकडे बघून कुणाला तसं वाटलं नसतं. शाळेतली दगडी पाटी ओल्या बोळ्याने पुसली की सुकल्यावर कशी पांढुरकी दिसायची, सेम तसा रंग. २०१२ ची सेडान, बाबांनी घेतलेली, त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून जीव मेटाकुटीला यायला लागला तेव्हा 'घेऊन जा बाई तुझी तू' म्हणून माझ्या पार्किंगात आली. इंजिन ठणठणीत, एसी अजून दात वाजवतो, पण दिसायला पार उतरलेली. संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की बॉनेटवर सूर्याभोवती गोल गोल कोळ्याचं जाळं, आणि रात्री पेट्रोल पंपावर तर जितके लाइट तितकी जाळी.

रंगच मारून घ्यावा का म्हणून एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याला विचारलं तर फुल बॉडीचे ५५ हजार म्हणाला. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. शिवाय बाबांचं ठाम मत की कंपनीचा रंग तो कंपनीचा, तो भट्टीत भाजलेला असतो, गल्लीत तसा होत नाही. यात ते बरोबर निघाले. कारखान्यात रंगाच्या वेळी नुसती पत्र्याची बॉडी असते, वायरिंग नाही प्लास्टिक नाही, त्यामुळे १४० डिग्रीच्या आसपास भाजून काढता येते, तयार गाडी गॅरेजात ६०-७० च्या पुढे तापवायची सोय नसते, आतलं सगळं वितळेल. हे मला नंतर समजलं आणि बाबांना मी अजून सांगितलेलं नाही, उगाच चढून बसतील.

तर पॉलिश. त्याचाही एक वाईट अनुभव गाठीशी होताच. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी 'रबिंग-पॉलिश फक्त १२००' अशी पाटी बघून गाडी घातली, तासाभरात मशीन फिरवून दिली, आणि खरं सांगते, शेडमधून बाहेर काढली तेव्हा मी त्याला वर शंभर रुपये चहाला दिले, इतकी चमकत होती. तीन वॉशनंतर जाळी परत हजर, आणि सोबत नवीन पाहुणे. उन्हात बघितलं की बॉनेटभर लांब लांब अर्धगोल फराटे, गावाकडे शेणाने अंगण सारवल्यावर हाताचे फराटे उठतात ना, तसे, आणि आपण गाडीभोवती फिरलो की तेही सोबत फिरतात. याला होलोग्राम म्हणतात हे तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं माझे डोळेच बिघडलेत.

मग या वर्षी ऑफिसातल्या एकाची माझ्याहून जुनी गाडी पार्किंगात बघितली, लाल, नवी कोरी दिसणारी, त्याच्याकडून पत्ता घेतला. धायरीच्या बाजूला एक पत्र्याची शेड. काचेचं केबिन, कॉफी मशीन वगैरे काही नाही, पण फरशी इतकी स्वच्छ की चप्पल काढून आत जावं की काय असं वाटलं. चालवणारा तिशीतला मुलगा, मी त्याला दादा म्हणायला लागले नि तो मला ताई, आणि त्याच्या हाताखाली एक अगदी गप्प पोरगा.

मी म्हटलं पॉलिश लावून द्याल का. तो म्हणाला, "ताई, आम्ही लावत काहीच नाही, घासून काढतो." मला हे जन्मात माहीत नव्हतं. मी समजत होते बुटाला लावतात तसं काहीतरी वरून फासायचं. त्याने मग कागदावर रेघा काढून दाखवलं. सगळ्यात खाली पत्रा, त्यावर गंज धरू नये म्हणून एक थर, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर बिनरंगाचा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे आख्खा रंग दीड केसाएवढा! त्यातला क्लिअर कोट साधारण ४०. आपल्याला जी जाळी दिसतात ते सगळे ओरखडे त्या ४० मधल्या वरच्या दोन-चार मायक्रॉनमध्ये असतात, ते दोन-चार मायक्रॉन सपाट घासून काढले की जाळं गेलं. पण घासलेलं परत उगवत नाही, बँकेतल्या एफडीसारखं आहे, मोडायची तर थोडी थोडी. आणि फार घासलं की उरलेला थर उन्हाला टिकत नाही, मग टपावर-बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटलेल्या गाड्या रस्त्यावर दिसतात तसं होतं, त्याला मग कुठलंच पॉलिश चालत नाही, रंगच मारावा लागतो.

आणि जाळं गोल का दिसतं, तर ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे असतात, त्यातले जे लाइटच्या हिशोबाने बरोबर आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून लाइटभोवती गोल दिसतं. लाइट हलवला की जाळं त्याच्यामागे पळतं. दादाने टॉर्च फिरवून दाखवलं आणि मी दहा मिनिटं टॉर्चच फिरवत बसले.

आता गंमत. घासायच्या आधी थर किती उरलाय ते मोजायचं एक छोटं यंत्र असतं, मोबाइलपेक्षा लहान, पत्र्याला टेकवलं की टिक करून आकडा येतो. बॉनेट १०४, ९८, १०१. टप १०८. पुढचे दरवाजे शंभरच्या आगेमागे. मग मागचा डावा दरवाजा, २६०. दादाने माझ्याकडे बघितलं, परत टेकवलं, २७५. खाली चाकाजवळ टेकवलं तर सातशेच्या वर. "ताई, हा दरवाजा रंगवलाय आणि खाली पुट्टी भरलीये. ठोकली होती का?"

मी म्हटलं छे, बाबांच्या हातात होती, आणि ते तर वर्षानुवर्षं 'माझ्या गाडीला एक चरा नाही' सांगत फिरतात. तिथूनच फोन लावला. आधी "हॅलो, आवाज तुटतोय" झालं. मग थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?" म्हटलं मशीनने. २०१४ साली आत्याकडच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा कार्यालयाच्या खांबाला रिव्हर्समध्ये घासली होती म्हणे, आम्ही सगळे पंगतीत बसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी 'सर्व्हिसिंगला देतो' म्हणून चार दिवस गाडी गायब होती ती यासाठी. "आईला सांगू नकोस." बाबा, सॉरी, पण आई हा ब्लॉग वाचत नाही, आणि आत्या वाचते पण ती तुमच्याच बाजूची आहे.

बंपरवर ते यंत्र चालत नाही, कारण बंपर प्लास्टिकचा, त्याला खाली धातू लागतो. तिथे अंदाजानेच हलक्या हाताने.

मग धुलाई, आणि इथे मला माझीच लाज वाटली. आधी फेस मारून धुतली, मला वाटलं झाली की स्वच्छ. दादाने एक पातळ प्लास्टिकची पिशवी दिली, हातमोज्यासारखी घाला आणि बॉनेटवरून फिरवा म्हणाला. रव्यावरून हात फिरवावा तसं लागलं! नुसत्या बोटांना गुळगुळीत वाटत होतं, पिशवीतून खडबडीत. मग एक औषध फवारलं आणि दोन मिनिटांत पांढऱ्या फेसातून जांभळे ओघळ यायला लागले, जसं काही गाडीला जांभळं खाऊन वांती झालीये, आणि वास सडक्या अंड्याचा. ब्रेक घासून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसतात, ते विरघळून असे जांभळे निघतात. दरवाज्यांच्या खाली डांबराचे ठिपके, ते वेगळ्या औषधाने. मग क्ले बार, म्हणजे मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी वडी, साबणपाणी मारून ती फिरवायची, उरलंसुरलं सगळं ती उचलते. माझ्या गाडीवर फिरवून वडी मळलेल्या कणकेत राख पडावी तशी झाली. टपावर तर एक चिकट थर होता, कारण माझं पार्किंग आंब्याच्या झाडाखाली. मोहोराच्या दिवसात आंब्यावर तुडतुडे पडतात, ते गोड चिकटा टाकतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. कोकणातल्या लोकांना हे तोंडपाठ असेल, मी मात्र पाच वर्षं झाडाचा चीक समजत होते.

एवढं झाल्यावर गाडी सुकवून दिवे लावले, आणि आता ती आधीपेक्षा भयाण दिसत होती. धूळ गेल्यामुळे सगळे ओरखडे उघडे. कडेकडेला, दिव्यांना, रबराच्या पट्ट्यांना मास्किंग टेप लावली, कारण पत्र्याच्या धारेवर रंग आधीच पातळ असतो आणि मशीनचा पॅड तिथेच जास्त घासतो, एक क्षण दुर्लक्ष झालं की खालचं प्रायमर डोकावतं.

बॉनेटच्या मधोमध टेपची एक उभी पट्टी लावून दादाने एकाच बाजूला ट्रायल घेतली. आधी सगळ्यात मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश, बघितलं, जमलं नाही. मग थोडा कडक पॅड आणि कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त घासणारं जाडसर पॉलिश. म्हणाला काही लोक डायरेक्ट जाड कंपाउंडने सुरू करतात, काम पटकन होतं, पण जेवढ्याने भागतं तेवढंच काढावं. चार वाटाण्याएवढे थेंब पॅडवर, आधी मशीन बंद ठेवून पसरवले, मग हळूहळू आडवं, मग उभं, मग परत आडवं, अगदी सावकाश. पुसून टेप काढली.

मी उठून उभीच राहिले. एका बाजूला माझी नेहमीची पाटी, आणि दुसऱ्या बाजूला विहिरीत वाकून बघितल्यावर दिसतं तसं काळं पाणी. त्यात शेडच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब इतकं रेखीव की ट्यूबवरचं कंपनीचं नाव उलटं वाचता आलं. मी आजीच्या तांब्याला चिंच लावल्यावर जशी ओरडायचे तशी ओरडले, आणि तो गप्प पोरगा पहिल्यांदा हसला.

ओरखड्यांच्या कडांवर उजेड आपटून इकडेतिकडे फाकतो म्हणून रंग पांढुरका दिसतो, कडा सपाट झाल्या की उजेड सरळ परत येतो आणि काळा रंग काळा दिसतो. म्हणजे माझ्या गाडीचा रंग उडालाच नव्हता! तो सगळा वेळ खालीच होता.

मशीनचं पण विचारलं, माझ्या त्या फराट्यांचा हिशोब लावायचा होता. दोन प्रकार. एक रोटरी, सरळ गोल फिरणारं, ग्राइंडरचाच भाऊ, पटकन कापतं पण एकाच जागी तापतं आणि अनाडी हातात तेच ते फराटे उठवतं, त्यात लोकरीचा पॅड असेल आणि नंतर बारीक फिनिशिंग केलं नसेल तर नक्कीच. दुसरं डीए, ड्युअल अ‍ॅक्शन, त्यात पॅड स्वतःभोवती फिरता फिरता थोडा डगमगत पण जातो, सत्यनारायणाचा प्रसाद वाटणाऱ्या गुरुजींसारखा, एका जागी थांबतच नाही. वेळ जास्त लागतो पण उष्णता कमी, फराटे जवळजवळ नाहीत. रोटरी वाईट असं नाही, जुने कारागीर तिच्यावर अप्रतिम काम करतात, पण बाराशे रुपयांत तासाभरात कोण कशाला जीव ओतेल.

आणि मग ती तीन वॉशची चमक कुठून आली होती? तर कंपाउंडमध्ये तेलं असतात, काहींत ओरखडे बुजवणारे फिलर पण, ते भरून राहिलं की सगळं छान दिसतं आणि धुतलं की गेलं. बाबांच्या ओळखीचे एक ड्रायव्हरकाका गाडीला डिझेलचा बोळा मारायचे, तोच हा प्रकार, फक्त महागातला. म्हणून खरं काम तपासायचं तर पॉलिश झाल्यावर अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारून ते तेल पुसून टाकायचं आणि मग दिवा धरायचा. दादा प्रत्येक भागावर हे करत होता आणि मला बोलावून दाखवत होता. तुम्ही कुठेही पॉलिश केलंत तर एवढं एक करून मागा, तोंड वाकडं केलं तर समजून जा.

दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी मी रंगाचा रिकामा डबा उलटा घालून त्यावर बसून तीन कप चहा प्यायले, वर्क फ्रॉम होम म्हणून लॅपटॉप मांडीवर होता, काम किती केलं ते विचारू नका. दादाच्या तोंडाला मास्क, पण पापण्यांवर पांढरी भुकटी, गिरणीतल्या माणसासारखी, आणि दर थोड्या वेळाने हात झटकायचा, मशीनच्या थरथरीने मुंग्या येतात म्हणाला. दर पट्ट्यानंतर ब्रशने पॅड साफ, दर पट्ट्यानंतर हाताचा उलटा तळवा पत्र्याला लावून किती तापलंय ते बघणं. बंपरला आणि त्या पुट्टीवाल्या दरवाज्याला विशेष जपून.

सगळं गेलं का, तर नाही. टपावर कावळ्याच्या शिटेचा एक डाग आहे, शीट तापलेल्या रंगात खोल उतरते, तो घालवायला बरंच कापावं लागलं असतं. उजव्या दरवाज्यावर कुणीतरी किल्लीने मारलेला चरा आहे, त्यावरून नख फिरवलं की नख अडकतं, आणि नख अडकलं म्हणजे तो पॉलिशने जात नाही, हा साधा हिशोब. बोअरच्या पाण्याचे गोल डाग बरेचसे गेले, दोन-तीन राहिले. दादा म्हणाला शंभर टक्के पण करून देतो, पाण्याच्या बारीक सँडपेपरने घासून, पण गाडी रोज वापरता, पुढच्या चार वर्षांत परत पॉलिश लागणारच, तेव्हासाठी काहीतरी शिल्लक ठेवा. मला पटलं. गाडी मला रोज ऑफिसला न्यायचीये, प्रदर्शनात नाही.

वरचं संरक्षण म्हणून सिरॅमिक कोटिंगचं कोटेशन २२ हजार. नाही घेतलं. ती चांगली गोष्ट आहे, पाणी-घाण पटकन निसटते, धुणं सोपं होतं, पण जाहिरातीत ते '९ एच' लिहितात ना, तो पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे, हिऱ्याबिऱ्याचा नाही, आणि थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. दगड उडाला की टवका उडणारच, चुकीचा फडका मारला की ओरखडा पडणारच. दगडाला अडवणारी ती वेगळी जाड फिल्म, पीपीएफ, तिचे पैसे ऐकून मी विषयच बदलला. आणि जुन्या काळी नवीन गाडीसोबत 'टेफ्लॉन कोटिंग' गळ्यात मारायचे ते आठवतंय का? कढईवर टेफ्लॉन पक्कं बसवायला भट्टीत तीनशे डिग्रीच्या वर तापवावं लागतं. पार्किंगात फडक्याने काय बसणार डोंबल. मी साधं सीलंट, म्हणजे वरून फासायचा पातळ संरक्षक थर, लावून घेतलं, सहा महिने टिकतं, मग मीच लावीन. सगळे मिळून साडेसात हजार झाले.

आता मुख्य आरोपी. दादाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सोसायटीत गाडी पुसायला माणूस येतो का?" येतात ना, पहाटे साडेपाचला काका येतात, महिन्याचे पाचशे, २३ गाड्या, एक बादली, एक पिवळा फडका. पहिल्या गाडीची माती त्याच पाण्यात, त्याच फडक्यात, आणि माझी गाडी सतरावी. म्हणजे मी दर महिन्याला पाचशे रुपये देऊन सोळा गाड्यांच्या मातीने गाडी घासून घेत होते, पाच वर्षं! कोरड्या धुळीवर ओला फडका म्हणजे जवळपास सँडपेपरच.

काकांची चूक म्हणवत नाही. खाली एकच नळ, सहा वाजता सोसायटीचं पाणी बंद, २३ गाड्या आठच्या आत चकाचक पाहिजेत नाहीतर सेक्रेटरी ओरडतो. मी त्यांना चार मायक्रोफायबरचे फडके आणून दिले आणि सांगितलं काका, फक्त काचा आणि आरसे पुसा, बॉडीला हात नका लावू, रविवारी मी स्वतः दोन बादल्या घेऊन धुवेन, एक साबणाची आणि एक फडका खंगाळायची. त्यांचा चेहरा पडला. "काय चुकलं का मॅडम? काढताय का कामावरून?" म्हटलं नाही हो, पैसे तेवढेच. ते त्यांना अजूनच संशयास्पद वाटलं. पहिला आठवडा मान खाली घालून काचा पुसत होते आणि जाता जाता माझ्या धुळकट बॉनेटकडे असं बघायचे जसं काही पोराला अंघोळ न घालता शाळेत पाठवतेय. समोरच्या जोशीकाकूंनी तर विचारलंच, "गाडी वापरत नाही का हल्ली?" पॉलिशवर साडेसात हजार घालून गाडी आता आठवड्यातले सहा दिवस पूर्वीपेक्षा मळकी असते, हे मी कुणाकुणाला समजावू.

रविवारी मात्र धुवून झाली की मी दहा मिनिटं नुसती बघत बसते.

आणि दसरा आला. दरवर्षी आई बॉनेटवर हळदी-कुंकवाचं ओलं स्वस्तिक काढते, झेंडूचा हार तारेने ग्रिलला बांधते आणि तो हार वाऱ्याने दिवसभर बॉनेटवर घासत राहतो. गेल्या दसऱ्याचं स्वस्तिक पॉलिश करताना दादाला दिव्याखाली फिकट दिसलं होतं, म्हणाला पूजेची गाडी ओळखू येते बघा. या वेळी मी आधीच सगळं मायक्रॉन पुराण आईला ऐकवलं, केसाची जाडी, एफडी, सगळं. तिने ताट हातात धरून शांतपणे ऐकून घेतलं, बाबा मागे उभे राहून मला डोळ्यांनी खुणा करत होते की दरवाज्याचं काढू नकोस. मग आईने पुढच्या काचेवर कोपऱ्यात छोटंसं स्वस्तिक काढलं, हार आत आरशाला अडकवला, नारळ टायरपाशी फोडला आणि ताट माझ्या हातात देत म्हणाली, "बरं, आणि तो मागचा डावा दरवाजा, जो बाबांनी खांबाला घासला होता, तो कसा निघाला?"